बोलण्यासाठी थांबणारी पावले : वार्धक्यातील तोल मोजण्याचा इतिहास

१.
१९९७ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात स्वीडनमधील उमेओ येथील तीन संशोधकांचे एक छोटेसे टिपण प्रसिद्ध झाले. त्यात ना यंत्र होते, ना रक्ततपासणी. वृद्ध व्यक्तीबरोबर चालायचे, चालता चालता तिच्याशी बोलायला सुरुवात करायची आणि उत्तर देण्यासाठी ती थांबते का, एवढेच पाहायचे. येत्या सहा महिन्यांत कोण पडण्याची शक्यता अधिक आहे, याचा अंदाज एवढ्यावरून बांधता येतो, असे त्या टिपणाचे म्हणणे होते.

२.
हे म्हणणे चकित करणारे का ठरले, हे समजण्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते. माणूस उभा कसा राहतो, चालतो कसा आणि पडतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना वैद्यकाने प्रथम डोळ्यांकडे पाहिले, मग मज्जारज्जूकडे, मग स्नायूंकडे. मनाकडे त्याचे लक्ष सर्वांत शेवटी गेले.

३.
या इतिहासाचा आरंभ बर्लिनमध्ये होतो. मोरिट्झ हाइनरिख रोमबर्ग या वैद्याने १८४० ते १८४६ या काळात मज्जासंस्थेच्या रोगांवरील आपला ग्रंथ भागशः प्रसिद्ध केला. मज्जारज्जूच्या एका विकाराचे रुग्ण त्याच्या पाहण्यात होते. त्या विकाराचे मूळ उपदंशात आहे, हे पुढे सिद्ध झाले. हे रुग्ण उजेडात कसेबसे चालत. अंधार पडला की त्यांची पावले अडखळू लागत.

४.
रोमबर्गने अशा रुग्णाला सरळ उभे केले आणि डोळे मिटायला सांगितले. रुग्ण झोके खाऊ लागला. पायांकडून मेंदूकडे जाणारी जाणीव नष्ट झाली होती. ती उणीव तो माणूस नजरेने भरून काढत होता. डोळे मिटताच तो आधार गेला. ही चाचणी आजही जगभरच्या दवाखान्यांत रोमबर्गच्या नावाने केली जाते.

५.
या चाचणीत एक तत्त्व दडले होते. माणूस उभा आहे एवढ्यावरून त्याचा तोल चांगला आहे असे ठरत नाही. तो कशाच्या आधारावर उभा आहे, हे पाहावे लागते. आणि ते कळण्याचा उपाय म्हणजे एकेक आधार काही क्षणांपुरता काढून घेणे. रोमबर्गने दृष्टीचा आधार काढून पाहिला. अवधानाचा आधार काढून पाहण्याची कल्पना वृद्धांच्या तपासणीत रुजण्यास आणखी दीड शतक लागले.

६.
हा विलंब अकारण नव्हता. चालणे ही आपोआप घडणारी क्रिया आहे, या समजुतीला शास्त्राचे भक्कम पाठबळ होते. १९११ साली टॉमस ग्रॅहम ब्राऊन याने मांजरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, मेंदूशी असलेला संबंध तोडल्यावरही मज्जारज्जू पावलांची लय निर्माण करू शकतो. पुढे १९६६ मध्ये मॉस्कोतील शिक, सेवेरिन आणि ऑर्लोव्स्की यांनी मांजराच्या मेंदूच्या खोडातील असा एक भाग शोधला, ज्याला विजेने चेतवले असता प्राणी चालू लागतो आणि विजेचा जोर वाढवला की धावू लागतो.

७.
लय मज्जारज्जूत, आज्ञा मेंदूच्या खोडात. मग विचार करणाऱ्या मेंदूला चालण्यात काम ते काय उरले? हा प्रश्न वाजवी वाटे. रोजचा अनुभवही तेच सांगे. निरोगी तरुण माणूस चालता चालता वाद घालतो, हिशेब करतो, गाणे गुणगुणतो. पावले आपली पडत राहतात.

८.
दरम्यान वृद्धांची चाल हा विषयच रुग्णालयांच्या विचारकक्षेबाहेर होता. इंग्लंडमधील डॉ. मार्जरी वॉरन यांनी १९३५ मध्ये वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयालगतच्या अनाथ-निर्धनांच्या आश्रयगृहातील ७१४ रुग्णांची जबाबदारी घेतली, तेव्हा त्यांतील अनेक वृद्ध वर्षानुवर्षे खाटेला खिळून होते. ‘म्हातारपण’ हेच त्यांचे निदान आणि खाट हाच त्यांचा उपचार होता.

९.
वॉरन यांनी त्यांची नीट तपासणी केली, वर्गवारी केली, त्यांना खाटेवरून उठवले, उभे केले, चालवले. कित्येक जण पुन्हा स्वतःच्या पायांवर घरी गेले. आधुनिक वार्धक्यचिकित्सेचा पाया येथे घातला गेला. वृद्ध माणूस चालू शकतो, हे मान्य झाल्यावरच तो किती सुरक्षित चालतो, हा पुढचा प्रश्न निर्माण झाला.

१०.
तो प्रश्न धसास लावणाऱ्यांत बर्नार्ड आयझॅक्स यांचे नाव अग्रभागी आहे. वार्धक्यातील चार बलाढ्य शत्रूंना त्यांनी ‘वार्धक्यचिकित्सेतील राक्षस’ म्हटले: अचलता, अस्थिरता, मलमूत्रावरील ताबा सुटणे आणि बुद्धीचा ऱ्हास. त्या काळी हे चार वेगवेगळे शत्रू मानले जात. अस्थिरता आणि बुद्धी यांच्यात भुयारी वाट आहे, हे उमगायला अजून अवकाश होता.

११.
१९८२ मध्ये मर्फी आणि आयझॅक्स यांनी पडल्यानंतर रुग्णालयात आलेल्या ३६ वृद्धांचा अभ्यास मांडला. त्यांतील अनेकांना, चालता न येण्याइतके दुसरे कारण नसतानाही, आधाराविना चालता येईनासे झाले होते. ते दिसेल ती वस्तू घट्ट धरून ठेवत. शरीर एकदाच पडले होते. मन रोज पडत होते. भीतीमुळे चालणे कमी होते, चालणे कमी झाल्याने स्नायू दुबळे होतात आणि त्यामुळे पुन्हा पडण्याची शक्यता वाढते, असे हे दुष्टचक्र असते.

१२.
या धोक्याची व्याप्ती १९८८ मध्ये आकड्यांत दिसली. अमेरिकेतील मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या घरी राहणाऱ्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या ३३६ जणांवर वर्षभर लक्ष ठेवले. त्यांतील १०८ जण, म्हणजे ३२ टक्के, किमान एकदा पडले. पडलेल्यांपैकी २४ टक्क्यांना गंभीर इजा झाली आणि ६ टक्क्यांची हाडे मोडली. पडणे हा दैवाचा घाला नसून त्यामागे मोजता येण्याजोगी कारणे असतात, हे या अभ्यासाने ठसवले.

१३.
मोजायचे कसे, याचे एक उत्तर १९८६ मध्येच पुढे आले होते. मॅथायस, नायक आणि आयझॅक्स यांनी ‘गेट अप अँड गो’ ही चाचणी मांडली. खुर्चीवरून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. पाहणाऱ्याने एक ते पाच यांदरम्यान गुण द्यायचे. एक म्हणजे निर्दोष, पाच म्हणजे अत्यंत सदोष. पण एकाला जे ‘किंचित सदोष’ वाटे ते दुसऱ्याला ‘मध्यम’ वाटण्याची शक्यता राहिली.

१४.
१९९१ मध्ये कॅनडातील डायॅन पोडसियाड्लो आणि सँड्रा रिचर्डसन यांनी यावर सोपा तोडगा काढला: मत नको, घड्याळ लावा. ‘टाइम्ड अप अँड गो’ चाचणी जन्माला आली. ६० दुर्बल वृद्धांना त्यांनी याच क्रमाने चालवले आणि सेकंद मोजले. जे वीस सेकंदांच्या आत परतले ते उठण्याबसण्याच्या बाबतीत बहुधा स्वावलंबी होते. ज्यांना तीसहून अधिक सेकंद लागले त्यांना दुसऱ्याच्या मदतीची गरज भासे. एक खुर्ची, तीन मीटर जागा आणि एक घड्याळ, एवढ्या सामग्रीवर ही चाचणी जगभर पसरली.

१५.
तरी एक उणीव राहिलीच. चाचणीच्या खोलीत शांतता असते, फरशी सपाट असते आणि रुग्णाचे सारे चित्त पावलांवर एकवटलेले असते. घरात तसे नसते. हातात चहाचा पेला असतो, दारावरची घंटा वाजते, नातू काहीतरी विचारतो, चुलीवरच्या दुधाची आठवण येते. माणूस घसरतो तो अशा गर्दीच्या क्षणी. परीक्षा एका जगात घेतली जात होती आणि अपघात दुसऱ्या जगात होत होते.

१६.
या दोन जगांना जोडणारा विचार मानसशास्त्रात फार पूर्वीपासून होता. फ्रेंच विचारवंत फ्रेदेरिक पोलाँ याने १८८७ मध्ये एक कविता तोंडाने म्हणत असताना दुसरी कागदावर लिहिण्याचे प्रयोग स्वतःवर केले होते. १८९८ मध्ये जेनेट वेल्च यांनी हाताची पकड आणि बौद्धिक काम एकाच वेळी करायला लावून, मन गुंतले की पकड किती सैल होते, हे मोजले. १९५८ मध्ये केंब्रिजच्या डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी अवधानाची क्षमता मर्यादित असते, हा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला.

१७.
अवधान ही जणू एक गंगाजळी आहे. दोन खर्च एकदम निघाले आणि शिल्लक पुरेशी असली, तर दोन्ही भागतात. नसली तर एक खर्च मागे पडतो. पण तोल सांभाळणे हाही या गंगाजळीतून होणारा खर्च आहे का? १९८५ मध्ये केर, काँडन आणि मॅकडॉनल्ड यांनी तरुण विद्यार्थ्यांना एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून उभे केले आणि त्याच वेळी जागांची मांडणी लक्षात ठेवायला सांगितली. त्यांचा तोल ढळला नाही; पण स्मरणात चुका वाढल्या. नुसते उभे राहण्यासाठीही मन किंमत मोजत होते.

१८.
तरुणाला ही किंमत जाणवत नाही, कारण त्याची शिल्लक मोठी असते. वार्धक्यात जमा घटते आणि खर्च वाढतो. नजर अधू होते, अंतर्कर्णातील तोलाची जाणीव मंदावते, तळव्यांची संवेदना बोथट होते. पूर्वी जे पाय आपसूक करत, ते आता मेंदूला लक्ष घालून करावे लागते. पायऱ्या उतरताना बोलणे थांबवणारी आजी हा हिशेब कोणी न शिकवताही जाणत असते.

१९.
उमेओच्या लिलमोर लुंडिन-ओल्सोन, लार्स न्यूबेरी आणि युंगवे गुस्टाफसोन यांनी हेच पाहिले. वृद्धांसाठीच्या निवासात राहणाऱ्या ५८ जणांबरोबर चालताना संभाषण सुरू करण्यात आले. १२ जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. न थांबलेल्या ४६ जणांपैकी पडले ते ११.

२०.
या आकड्यांची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जे थांबले त्यांच्यापैकी बहुतेक पडले, हे खरे. पण एकूण पडलेल्या २१ जणांपैकी ११ जण बोलताना थांबलेच नव्हते. म्हणजे थांबणे हा धोक्याचा ठळक इशारा होता, पण न थांबणे ही सुरक्षिततेची हमी नव्हती. एका छोट्या अभ्यासाने दार उघडले होते. आतले दालन अजून धुंडाळायचे होते.

२१.
१९९८ मध्ये याच गटाने ‘टाइम्ड अप अँड गो’ चाचणीत पाण्याचा पेला आणला. आधी रिकाम्या हाताने चालायचे, मग हातात पाण्याचा पेला घेऊन. दोन वेळांतील फरक साडेचार सेकंद किंवा अधिक असेल, तर त्या व्यक्तीला पडण्याचा धोका जास्त, असे त्यांना आढळले. २००२ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात जो वर्गीज आणि सहकाऱ्यांनी ६० वृद्धांना चालता चालता मुळाक्षरे म्हणायला सांगितली. प्रथम क्रमाने, नंतर एक आड एक.

२२.
मात्र शास्त्राची वाट सरळ नसते. २००० साली अमेरिकेतील ॲन शमवे-कुक, सँड्रा ब्राउअर आणि मार्जोरी वुलाकॉट यांनी ३० वृद्धांची तीन प्रकारे परीक्षा घेतली: नुसते चालणे, पाण्याचा पेला घेऊन चालणे आणि तीन-तीन वजा करत उलटे मोजत चालणे. जोडकामामुळे चाल मंदावली. पण कोण पडणारा आणि कोण न पडणारा हे ओळखण्यात साध्या चाचणीपेक्षा अधिक यश मिळाले नाही. घड्याळाचा आकडा वाढला म्हणून शहाणपण वाढतेच असे नाही.

२३.
प्रश्न केवळ ‘किती सेकंद’ एवढाच नव्हता; ‘काय सोडले आणि काय राखले’ हाही होता. निरोगी माणसे दोन कामांत ओढाताण झाली की बहुधा बोलणे सोडतात आणि तोल राखतात. नेदरलँड्समधील बास ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये लिहिले की, कंपवाताच्या अनेक रुग्णांत हा अग्रक्रम उलटतो. ते उत्तर देत राहतात आणि तोल दुय्यम ठरतो. थांबणारी पावले दुबळी असतील, पण त्यांच्यात सावधपणा असतो. न थांबणारी डळमळती पावले अधिक भयावह.

२४.
जोडकाम कोणते द्यावे, हाही साधा प्रश्न नाही. उलट्या मोजणीचे उदाहरण घ्यावे. मराठीत शंभरपर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक संख्येचे रूप निराळे. नव्वदमधून तीन-तीन वजा करणाऱ्याला सत्त्याऐंशी, चौऱ्याऐंशी, एक्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर अशी वळणे घ्यावी लागतात. शाळेत गेलेल्यास ते जमेल. शाळेचे तोंड न पाहिलेल्या वृद्धेची मात्र त्यात तोलाऐवजी शिक्षणाचीच परीक्षा होईल. तिच्यासाठी प्राण्यांची नावे सांगणे किंवा पाण्याचा पेला नेणे अधिक न्याय्य. एक नियम मात्र सर्वत्र सारखा: तपासणाऱ्याने हात पोचेल इतक्या जवळ राहायचे. ही परीक्षा माणसाला पाडण्यासाठी नसते.

२५.
चाल आणि बुद्धी यांच्यातील भुयारी वाट २०१७ मध्ये अधिक उजळली. कॅनडातील मॅन्युएल मॉन्तेरो-ओडासो आणि सहकाऱ्यांनी सौम्य बौद्धिक घट असलेल्या ११२ जणांची चाल मोजली. एकटे चालताना सेकंदाला एक मीटर वेग असलेला माणूस मोजणी करताना ०.८ मीटरवर आला, तर त्याने जोडकामासाठी २० टक्के किंमत मोजली, असा हा हिशेब. ज्यांची किंमत अधिक, त्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोकाही अधिक आढळला. आयझॅक्स यांचे दोन राक्षस शेजारी निघाले.

२६.
मोजण्याच्या पद्धतीतूनच उपायही सुचले. झाक-दालक्रोझ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जिनिव्हात संगीताच्या शिक्षणासाठी तालबद्ध हालचालींची एक पद्धती घडवली होती. त्याच शहरात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पासष्टीपुढील १३४ जणांची निवड झाली. आठवड्यातून एक तास पियानोच्या बदलत्या तालावर चालणे, वळणे, वस्तू हाताळणे असा वर्ग सहा महिने चालला. जोडकाम करतानाची चाल सुधारली आणि पडण्याचे प्रमाण घटले.

२७.
२०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच दुसरा अभ्यास आला. पाच देशांतील, आधी वारंवार पडलेल्या ३०२ वृद्धांची सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली; त्यांत कंपवाताचे रुग्णही होते. काहींनी नुसते ट्रेडमिलवर चालायचे. काहींनी समोरच्या पडद्यावरील अडथळे चुकवत, वाट निवडत चालायचे. नुसते चालणाऱ्यांत सहा महिन्यांतील पडण्याचे सरासरी प्रमाण १०.७ वरून ८.३ वर आले; मनालाही कामाला लावलेल्यांत ते ११.९ वरून ६ वर आले.

२८.
आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मृत्युमुखी पडतात, आणि त्यांत वृद्धांचा वाटा मोठा आहे. २०२२ च्या जागतिक मार्गदर्शक सूचना पहिल्या चाळणीसाठी साधी मोजमापेच सुचवतात: चालण्याचा वेग सेकंदाला ०.८ मीटर किंवा त्याहून कमी असणे, किंवा ‘टाइम्ड अप अँड गो’ला पंधरा सेकंदांहून अधिक लागणे. पेला, मोजणी आणि मुळाक्षरे ही त्यापुढची, बारकाईची साधने ठरली.

२९.
उमेओच्या टिपणातील ते बारा जण शहाणपणाने थांबले होते. तरी त्यांतील दहा जण पुढे पडलेच. थांबणे हा उपाय नव्हता. शिल्लक संपत आल्याची ती खूण होती. ती खूण वाचणाऱ्याला वेळ मिळतो: डोळे तपासण्यासाठी, झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा फेरविचार करून घेण्यासाठी, पायांना बळ देणारा व्यायाम सुरू करण्यासाठी, न्हाणीघरात दांडी बसवण्यासाठी.

३०.
रोमबर्गच्या चाचणीला मिटलेले डोळे लागले, पोडसियाड्लो-रिचर्डसन यांच्या चाचणीला घड्याळ लागले. उमेओच्या चाचणीला लागली ती सोबत. बोलण्यासाठी थांबणारी पावले दिसायची, तर कोणीतरी त्या माणसाच्या शेजारून, त्याच्याच गतीने, त्याच्याशी बोलत चालत असावे लागते.